उडत्या कॅमेऱ्याचा तोल

आकाशातून टिपलेली चलत्‌चित्रे आता आपणा सर्वांच्या परिचयाची झाली आहेत. लग्नाची वरात असो, धरणाचा जलाशय असो वा आषाढीच्या वाटेवरील पालखी असो, ड्रोनवर बसविलेला कॅमेरा सर्वत्र पोहोचतो. ही चित्रे पाहताना आपण स्वतःच पाखरासारखे संथपणे तरंगत आहोत असा भास होतो. वस्तुस्थिती मात्र निराळी असते. चार पंख्यांचे ते यंत्र हवेत क्षणभरही स्वस्थ नसते. पुढे जाण्यासाठी त्याला पुढे झुकावे लागते, थांबण्यासाठी मागे कलावे लागते आणि वाऱ्याच्या प्रत्येक झुळकेबरोबर आपली बैठक बदलावी लागते. यंत्र असे सतत डोलत असताना चित्र स्थिर राहते, याचे श्रेय कॅमेरा आणि यंत्र यांच्यामध्ये बसविलेल्या एका छोट्या जुळणीस द्यावे लागेल. तिला गिंबल असे म्हणतात.

गिंबलविषयी जे लिहिले जाते ते बहुधा त्याच्या मोटरी, संवेदक आणि संगणकीय आज्ञावली यांविषयी असते. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून साधा आहे. विजेचा प्रवाह सुरू करण्यापूर्वी, केवळ हाताने, कॅमेऱ्याचा तोल कसा साधावा हा तो विषय होय. मी बँकेच्या सेवेत असून ड्रोनने चित्रण करणे हा माझा छंद आहे, हे प्रारंभीच नमूद केलेले बरे. पुढील मजकुरातील बराचसा भाग मी चुका करूनच शिकलो. त्यांपैकी एक चूक बरीच महाग पडली.

चाळीस मिनिटांचे चित्रण

२०२३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील माझ्या आजोळचे घर विकले गेले. नवे मालक पावसाळ्यापूर्वी ते उतरविणार होते. आई त्या वेळी ८२ वर्षांची होती. ती माझ्याकडे बडोद्यास असते आणि गुडघ्यांच्या दुखण्यामुळे कोकणापर्यंतचा प्रवास तिला शक्य नव्हता. तिने मला तीन गोष्टी दाखवावयास सांगितल्या: कौलारू छप्पर वरून कसे दिसते ते, मागील दारचा फणस आणि विहीर. “मे महिन्यात विहिरीला पाणी किती असतं ते नीट बघून ये. आमच्या लहानपणी तळ कधी दिसला नाही,” असे ती म्हणाली.

माझे ड्रोन मी सुटे भाग आणून स्वतः जुळविलेले आहे. त्याच्या गिंबलच्या भुजा मागेपुढे सरकविता येतात. निघण्याच्या आदल्या दिवशी मी कॅमेऱ्याच्या भिंगावर बसविण्याची एक काळसर काच, म्हणजे फिल्टर, विकत घेतली आणि ती गावी पोहोचल्यावर अंगणातच चढविली. रविवारी सकाळी तीन बॅटऱ्या संपेपर्यंत सुमारे चाळीस मिनिटे चित्रण केले. हातातील लहान पडद्यावर सारे व्यवस्थित दिसत होते. यंत्र खाली उतरविल्यावर गिंबलची एक मोटर बोटाला चटका बसेल इतकी तापली होती. मेच्या उन्हाचा हा परिणाम असावा, असे मी स्वतःचे समाधान करून घेतले.

रात्री मामेभावाच्या घरी संगणकावर चित्रण पाहिले तेव्हा एकही तुकडा धड नव्हता. छपराची कड तापलेल्या डांबरी रस्त्यावरील हवेसारखी थरथरत होती. विहिरीचे दृश्य तर पाहवत नव्हते. कॅमेरा सरळ खाली वळला की दर दोन क्षणांनी हिसका खाऊन वर पाहण्याचा प्रयत्न करी. घर उतरविण्याचे काम बुधवारी सुरू व्हायचे होते.

दिशा हुकते म्हणजे काय

घोडे नेमके कोठे पेंड खाते हे समजण्यासाठी कॅमेऱ्याच्या दोन प्रकारच्या हालचाली वेगळ्या करून पाहाव्या लागतात. एक सरकण्याची आणि दुसरी वळण्याची. आपली दिशा न बदलता कॅमेरा एक सेंटिमीटर बाजूस सरकला, तर शंभर मीटरवरील घरासमोरून आपण एक सेंटिमीटर सरकलो, एवढाच त्याचा अर्थ. ते डोळ्यांस जाणवतही नाही. तोच कॅमेरा जागच्या जागी एक अंशाने वळला तर शंभर मीटरवर त्याचा नेम सुमारे पावणेदोन मीटरने हुकतो. अंशाचा दहावा भाग घेतला तरी हा फरक सतरा सेंटिमीटरांचा होतो. ड्रोन वाऱ्याने हातभर इकडेतिकडे झाले तरी चित्र बिघडत नाही. कॅमेऱ्याची मान किंचित हलली की बिघडते.

ही मान तीन प्रकारे हलू शकते आणि तिन्ही प्रकार आपल्या रोजच्या ओळखीचे आहेत. होकार देताना मान वरखाली होते, त्या अक्षाला टिल्ट म्हणतात. नकार देताना ती डावीउजवीकडे वळते, तो पॅन. आणि डुलकी लागली की ती खांद्याकडे कलते, तो रोल. तीन अक्षांच्या गिंबलमध्ये या प्रत्येकासाठी एक स्वतंत्र भुजा आणि एक मोटर असते. कॅमेऱ्याला सर्वांत जवळची मोटर बहुधा टिल्टची, तिच्या बाहेर रोलची आणि सर्वांत वर, यंत्राच्या पोटाशी, पॅनची.

एकात एक बसविलेल्या फिरत्या कड्यांची ही कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात बायझँटियमच्या फिलोने कशीही फिरविली तरी शाई न सांडणारी दौत वर्णिली होती. सोळाव्या शतकातील इटालियन गणिती कार्दानो याने या रचनेचे वर्णन केले आणि त्याचेच नाव तिला चिकटले. पुढे जहाजावरील होकायंत्र आणि कालमापक घड्याळ अशाच कड्यांमध्ये टांगले जाऊ लागले. जहाज कितीही कलले तरी होकायंत्राची तबकडी आडवीच राहते, कारण तिचे वजन टांगणीच्या खाली असते.

मग कॅमेराही कंदिलासारखा खाली टांगून का चालत नाही, असा प्रश्न कोणासही पडेल. मलाही पडला होता. एसटीच्या गाडीत दांडीला अडकविलेली पिशवी आठवावी. गाडी सरळ एका वेगाने जात असेतो पिशवी सरळ लोंबते. चालकाने ब्रेक दाबला की ती पुढे झेपावते, गाडी वळली की बाहेर फेकली जाते. टांगलेल्या वस्तूला पृथ्वीचे खेचणे आणि वाहनाचा हिसका यांतील भेद कळत नाही. ड्रोन तर सतत वेग वाढवीत आणि कमी करीत असते. त्याच्याखाली लोंबणारा कॅमेरा प्रत्येक हिसक्याला झोके घेणार. म्हणून कॅमेरा वरून जड असून चालत नाही आणि खालून जड असूनही चालत नाही. तिन्ही अक्ष त्याच्या गुरुत्वमध्यातूनच जावे लागतात.

याचा पडताळा घरच्या घरी घेता येतो. शाळेतील लाकडी पट्टी बरोबर मध्यावर दोन बोटांत सैल धरावी आणि हात झटकन बाजूस न्यावा. पट्टी हाताबरोबर सरकते, वळत नाही. तीच पट्टी एका टोकाजवळ धरून हात झटकला की ती गर्रकन फिरते. आधार गुरुत्वमध्याला असेल तर धक्क्याचे रूपांतर सरकण्यात होते. आधार तेथून दूर असेल तर त्याच धक्क्याचे रूपांतर वळण्यात होते. गिंबलच्या समतोलामागील सारे शास्त्र या पट्टीत सामावलेले आहे. कॅमेरा खाली पडू नये एवढ्याचसाठी तोल साधावयाचा असे अनेकांना वाटते. वस्तुतः यंत्राचे धक्के कॅमेऱ्याच्या दिशेपर्यंत पोहोचू नयेत, हा त्याचा अधिक मोठा उपयोग आहे.

मोटर झाकून नेते

येथे कोणी म्हणेल की, हे सर्व सांभाळण्यासाठीच तर मोटरी आहेत. गिंबलमधील जायरोस्कोप संवेदक कॅमेरा किती वेगाने वळत आहे हे प्रत्येक सेकंदास शेकडो वेळा सांगतो आणि त्यानुसार मोटर उलट दिशेने जोर लावते. ही यंत्रणा खरोखरच अद्भुत आहे. परंतु तिच्या या कर्तबगारीतच फसगत आहे. कॅमेरा पुढून जड असला तरी मोटर तो ओढून धरते आणि टेबलावर सारे आलबेल दिसते.

पाण्याने भरलेली घागर हात लांब करून धरली तर ती जागची हलत नाही, म्हणजे दिसण्याजोगे काम काहीच होत नाही. तरी काही वेळाने हात भरून येतो. मोटरची स्थिती अशीच होते. फिरता न येता नुसता जोर धरून ठेवणाऱ्या मोटरमध्ये आलेली सर्व वीज उष्णतेत जाते. तापलेली मोटर ही म्हणूनच एक स्पष्ट सूचना होती आणि मी ती उन्हाच्या माथी मारली. जोराचा मोठा हिस्सा घागर धरण्यात खर्ची पडल्यावर वाऱ्याच्या झोताला उत्तर देण्यास मोटरजवळ थोडेच उरते. शिवाय पंख्यांची कंपने वेगळीच. मिनिटास सहा हजार फेरे घेणारा पंखा किंचित जरी असमतोल असला, तरी सेकंदास शंभर कंपने निर्माण करतो. इतक्या जलद कंपनांचा पाठलाग मोटरला करता येत नाही. ती कंपने कॅमेऱ्यास वळवू शकणार नाहीत अशी तजवीज तोल साधूनच करावी लागते.

अनेक जण अशा वेळी गिंबलच्या आज्ञावलीत जाऊन मोटरचा जोर वाढवितात. आपल्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर दिवसाअखेर रोकड दहा रुपयांनी जुळत नाही, म्हणून खिशातील दहा रुपये घालून ती जुळविण्यासारखे हे आहे. आकडा जुळतो, चूक कोठे झाली ते कळत नाही.

नऊ ग्रॅमांचा हिशेब

आता त्या काळसर काचेकडे वळतो. ती विनाकारण लावली नव्हती. चलत्‌चित्रात हालचाल डोळ्यांस स्वाभाविक वाटावी म्हणून सेकंदास २५ चित्रे घेताना प्रत्येक चित्रासाठी शटर सुमारे १/५० सेकंद उघडे ठेवण्याची पद्धत आहे. त्यामुळे हलत्या वस्तूंच्या कडा किंचित पुसट होतात आणि एक चित्र दुसऱ्यात मिसळते. फिल्मच्या काळातील छायाचित्रकारांना ‘सनी सिक्स्टीन’ हा ठोकताळा आठवत असेल. भर उन्हात १०० संवेदनशीलतेला भिंगाचे छिद्र १६ वर ठेवले तर शटर १/१०० सेकंद. ड्रोनवरील लहान कॅमेऱ्यांचे छिद्र बहुधा स्थिर असते. ते २.८ असेल तर त्याच उन्हात शटर १/३२०० पर्यंत न्यावे लागते, आणि मग चित्र डोळ्यांपुढे टकटक करीत पुढे सरकते. ते १/५० वर आणण्यासाठी प्रकाश ६४ पट कमी करावा लागतो. काळी काच हे काम करते.

माझ्या काचेचे तिच्या कड्यासह वजन ९ ग्रॅम होते. सोनाराच्या काट्यावर ठेवावे असे हे वजन. पण ती टिल्टच्या अक्षापासून ३५ मिलिमीटर पुढे बसली होती, आणि तरफेच्या नियमानुसार वजनाला अंतराने गुणावे लागते. नऊ गुणिले पस्तीस म्हणजे ३१५. काचेसह कॅमेऱ्याचे वजन सुमारे १५९ ग्रॅम होते. ३१५ ला त्याने भागले असता उत्तर दोनच्या जवळ येते. म्हणजे काच लावल्याबरोबर गुरुत्वमध्य दोन मिलिमीटर पुढे गेला होता, आणि कॅमेरा दोन मिलिमीटर मागे सरकविला असता तर हे सर्व घडलेच नसते. हा हिशेब मी त्या रविवारी रात्री कागदावर मांडला. त्यानंतर बराच वेळ झोप आली नाही.

ओटीवरील सोमवार

दुसरा दिवस मामेभावाच्या ओटीवर गेला. समतोल साधण्याची पद्धत येथे क्रमाने सांगतो.

प्रथम ड्रोनचे पंखे काढून ठेवावेत. बॅटरी लावून गिंबलची तपासणी करताना चुकून मोटरी सुरू झाल्या तर बोटांस इजा होते. त्यानंतर कॅमेरा उड्डाणाच्या वेळी जसा असेल तसाच सज्ज करावा: आतील बॅटरी, स्मृतिपत्र, फिल्टर, असल्यास चित्रवाहक तार, सर्व काही जागेवर. बॅटरी काढून साधलेला तोल निरर्थक होय. गिंबलचा वीजपुरवठा बंद हवा. टेबल सपाट हवे, आणि डोक्यावरील पंखा बंद करावा. एवढ्या हलक्या कॅमेऱ्याला छताच्या पंख्याचा वाराही फसवितो. मामेभावाकडे त्या दिवशी सकाळपासून वीजच नव्हती, त्यामुळे ही एक काळजी परस्पर मिटली.

तारेविषयी दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात. कॅमेऱ्यातून निघणारी जाड, ताठ तार स्प्रिंगसारखे काम करते. जड झालेला कॅमेरा ती धरून ठेवते आणि तोल साधल्याचा खोटा भास निर्माण करते. तारेला सैल वळसा द्यावा, शक्यतो मऊ आणि पातळ तार वापरावी, आणि कॅमेरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून ती कोठे ताणली जात नाही ना हे पाहावे.

क्रम नेहमी आतून बाहेर असावा: टिल्ट, मग रोल, शेवटी पॅन. याचे कारण असे की, आतील कॅमेरा सरकविला की बाहेरच्या भुजांचा तोल बदलतो. परंतु बाहेरची भुजा सरकविल्याने आतील तोल बिघडत नाही. उलट क्रमाने काम करणाऱ्यास तेच काम दोनदा करावे लागते.

टिल्टसाठी भिंग क्षितिजाकडे करून हात अलगद सोडावा. भिंग खाली गेले तर कॅमेरा पुढून जड आहे; तो मागे सरकवावा. वर गेले तर पुढे घ्यावा. बैलगाडी भरणाऱ्यास हे वेगळे शिकवावे लागत नाही. मागे ओझे झाले की गाडी उलाळते, पुढे झाले की जू बैलांच्या मानेवर दाबते, आणि दोन गोणी इकडच्या तिकडे केल्या की ती सरळ होते. बहुतेक जण येथेच थांबतात. मीही पूर्वी थांबत असे.

टिल्टची दुसरी परीक्षा भिंग सरळ जमिनीकडे वळवून घ्यावयाची असते. आडव्या स्थितीत कॅमेरा अक्षाच्या वर बसला आहे की खाली, हे कळत नाही. कारण ते वजन तेव्हा अक्षाच्या नेमके वर किंवा खाली असते. भिंग खाली केले की हा दडलेला दोष आडवा होऊन समोर येतो. हात सोडल्यावर भिंग पुन्हा वर क्षितिजाकडे येऊ लागले तर वजन अक्षाच्या खाली आहे; कॅमेऱ्याखाली पातळ पट्टी घालून तो उचलावा. याउलट तो आणखी पुढे उलटू लागला तर वजन अक्षाच्या वर आहे. तो खाली घ्यावा. माझ्या गिंबलमध्ये काचेच्या दोषाबरोबर हाही दोष होता आणि तो कित्येक महिने तसाच असावा. सरळ खाली पाहण्याचे प्रसंग मला क्वचित येत असत. विहिरीवर मोटरला हे उचलून धरणे असह्य झाले आणि तिने हिसके देण्यास सुरुवात केली, याचा उलगडा मला या परीक्षेत झाला.

दोन्ही परीक्षा उतरल्यावर कॅमेरा ४५ अंशांत ठेवून पाहावा. जेथे ठेवाल तेथे तो राहिला पाहिजे. मोटरच्या आतील घर्षणामुळे थोडासा असमतोल कधी लपून राहतो. म्हणून बोटाने भुजेवर हलकी टिचकी मारावी. टिचकीनंतर कॅमेरा हळूहळू कोणत्या बाजूस वाहतो ते पाहिले की उरलेला दोष समजतो.

रोलचे काम सोपे आहे. कॅमेरा समोरून पाहावा. तो ज्या खांद्याकडे कलतो त्याच्या विरुद्ध बाजूस सरकवावा. येथे फार वेळ जात नाही.

पॅनची गोष्ट निराळी. पॅनचा अक्ष उभा असतो, त्यामुळे यंत्र सपाट असताना भुजा पुढून जड आहे की मागून, हे कळण्यास काहीच मार्ग नसतो. दार चौकटीत ओळंब्यात बसविले असेल तर ते जेथे सोडाल तेथे थांबते. चौकट कलली की आपोआप एका बाजूस धावते. तेच येथे करावयाचे. संपूर्ण ड्रोन हातात धरून पंचवीस-तीस अंश एका बाजूस कलवावे आणि पॅनची भुजा उताराकडे धावते का ते पाहावे. जो भाग उताराकडे जातो तो जड. त्यानुसार भुजा मागेपुढे सरकवून पुन्हा कलवावे. ही परीक्षा न घेतलेले गिंबल संथ हवेत उत्तम चालते. वारा सुटला आणि यंत्र झुकून उडू लागले की चित्र डावीउजवीकडे वाहू लागते, आणि माणूस दोष वाऱ्याला देतो.

काही वेळा भुजा सरकविण्यास जागाच उरत नाही. कॅमेरा मागे न्यावयाचा असतो आणि मागे मोटर आडवी येते. अशा वेळी विरुद्ध बाजूस लहानसे वजन चिकटवावे लागते. आपल्याकडे तराजूच्या हलक्या पारड्यास बांधावयाच्या या वजनाला ‘पासंग’ असा नेमका शब्द आहे. एखादा दुसऱ्याच्या ‘पासंगालाही पुरणार नाही’ असे आपण म्हणतो ते यावरूनच. पासंग अक्षापासून जितका दूर लावता येईल तितका कमी वजनाचा पुरतो. मी एक रुपयाचे नाणे लावलेले पाहिले आहे. तथापि पासंग हा शेवटचा उपाय समजावा, कारण प्रत्येक ग्रॅम उड्डाणाचा वेळ कमी करतो.

उरलेली कामे

तोल साधल्यावर गिंबल सुरू करावे आणि मोटर हलकेच गुरगुरेपर्यंत जोर वाढवून तेथून थोडा उतरवावा. समतोल कॅमेऱ्याला लागणारा जोर पूर्वीपेक्षा कमी असल्याचे दिसेल. पंख्यांची पातीही तोलून घ्यावीत. जड पात्याच्या पाठीस चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला की पुरते. चीर गेलेले पाते मात्र टाकून द्यावे. गिंबल ज्या रबरी गाद्यांवर टांगलेले असते त्या सर्व सारख्याच दबल्या पाहिजेत.

चित्रातील दोष पाहूनही कारण ओळखता येते. क्षितिज सदैव एकाच बाजूस कललेले असेल तर तोलाचा दोष नव्हे. संवेदकाचे शून्य पुन्हा सपाट जागेवर निश्चित करावे. लांब वळणानंतर क्षितिज कलून मग हळूच सावरत असेल तर दोष संवेदकाच्या आकलनाचा आहे. सारे चित्र खरवसासारखे लडबडत असेल तर पंख्यांच्या जलद कंपनांकडे पाहावे. कॅमेरा चित्र एकदम न टिपता ओळीओळीने टिपतो, म्हणून सरळ खांबही तेव्हा वाकडे दिसतात. आणि वारा आला किंवा वेग बदलला की चित्र हिसकते, सोबत मोटर तापते, असे असेल तर वर वर्णिलेल्या परीक्षा पहिल्यापासून घ्याव्यात.

हल्ली अनेकांजवळ असलेल्या लहान तयार ड्रोनमध्ये गिंबलचा तोल कारखान्यातच साधलेला असतो आणि तो बदलण्याची सोय नसते. अशांनी एवढेच करावे: सुरू करण्यापूर्वी गिंबलवरील संरक्षक आवरण न विसरता काढावे, त्याच प्रतिरूपासाठी बनविलेलाच हलका फिल्टर लावावा, आणि कॅमेऱ्यावर हौसेने काही चिकटवू नये. पडद्यावर गिंबलच्या मोटरवर अधिक भार आल्याची सूचना झळकली, तर ती वाचून उड्डाण थांबवावे.

नियमांचाही उल्लेख हवा. भारतात ‘ड्रोन नियम, २०२१’ लागू आहेत. २५० ग्रॅमपेक्षा अधिक आणि दोन किलोग्रॅमपर्यंतचे ड्रोन ‘मायक्रो’ वर्गात येते. त्याची नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावा लागतो. हौशी वापरासाठी वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही, व्यावसायिक चित्रणासाठी लागते. हिरव्या क्षेत्रात उंचीची मर्यादा ४०० फूट आहे. क्षेत्रांच्या सीमा बदलत असल्याने उड्डाणाच्या दिवशी नकाशा पाहणे इष्ट.

मंगळवारची सकाळ

मंगळवारी सकाळी सात वाजता मी पुन्हा आजोळच्या अंगणात पोहोचलो. बुधवारी सुरू व्हावयाचे काम सोमवारीच सुरू झाले होते. पश्चिमेकडील पाखीवरची कौले उतरवून भिंतीशी रचून ठेवली होती आणि वासे उघडे पडले होते. अखंड छप्पर आता कोणालाही दिसणार नव्हते. रविवारच्या चित्रणात ते आहे, थरथरणारे. ते मी पुसून टाकलेले नाही.

पूर्वेकडील पाखी, फणस आणि विहीर मात्र मिळाली. विहिरीवर यंत्र थांबवून कॅमेरा सरळ खाली वळविला तेव्हा तो मुकाट्याने खाली पाहत राहिला. यंत्र उतरल्यावर मोटरला बोट लावून पाहिले. ती जेमतेम कोमट होती.

बडोद्यास परतल्यावर आईला चित्रण दाखविले. उघडे वासे पाहून ती काही बोलली नाही. विहीर आली तेव्हा मात्र तिने चित्र थांबवावयास सांगितले आणि चष्मा पुसून जवळ येऊन पाहिले. जांभ्या दगडाचे कठडे, पायऱ्या आणि खाली पाण्याची उजळ तबकडी स्पष्ट दिसत होती. “पाणी आहे,” ती म्हणाली. मग पाण्याच्या मधोमध दिसणाऱ्या एका काळ्या ठिपक्यावर बोट ठेवून तिने विचारले, “हे काय रे पडलंय?” ते वर थांबलेल्या ड्रोनचे प्रतिबिंब होते.